शिणाचा जमाखर्च

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. या म्हणीत आजारी माणसाला दिलेला धीर आहे. कारण मुंगीची पावले कितीही लहान असली तरी ती परतीच्या वाटेवरच पडत असतात, हे तीत गृहीत धरलेले आहे. परंतु काही दुखणी अशी असतात की ज्वर उतरतो, घसा बरा होतो, डॉक्टर निर्धास्त होऊन निरोप घेतात, आणि तरीही मुंगी जागची हलत नाही. रोगी उठतो तो दोन जिने चढण्यापुरता, आणि त्या दोन जिन्यांची किंमत त्याला पुढचे चार दिवस अंथरुणावर पडून द्यावी लागते. झोप लागते, पण झोपेतून उठल्यावर ताजेपणा म्हणून काही लाभत नाही. वाचलेले वाक्य दुसऱ्या क्षणी मनातून पुसले जाते. महिने लोटतात, वर्षे लोटतात. रक्ताच्या साध्या तपासणीत काही सापडत नाही, आणि मग घरचे, कचेरीतले, कधीकधी डॉक्टरसुद्धा त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात.

या विकाराला आज 'मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस' किंवा 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' अशी जोड नावे आहेत. मराठीत त्याला दीर्घकालीन शीणविकार म्हणता येईल. त्याचा इतिहास हा एखाद्या जंतूच्या शोधाचा किंवा एखाद्या रामबाण औषधाचा इतिहास नव्हे. तो एका साध्या प्रश्नाचा इतिहास आहे. थकलेल्या माणसाने विसावा घ्यावा, की नेटाने चालू लागावे? आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: हे ठरवावयाचे कोणी?

शिणाचे सारे प्रकार सारखे नसतात, ही जाणीव फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 'क्लम' या अवस्थेचे लक्षण सांगितले आहे. कष्ट केल्यावाचून शरीराला येणारा, धाप न लागता वाढत जाणारा आणि इंद्रियांना आपापले विषय नीट ग्रहण करू न देणारा शीण, तो क्लम. सुश्रुताला आजचा हा रोग ठाऊक होता असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु मेहनतीने येणारी दमणूक वेगळी आणि मेहनतीवाचून येणारी ग्लानी वेगळी, हा भेद त्या काळच्या वैद्याने केला होता, आणि तो केवळ रोग्याच्या सांगण्यावरूनच करता येण्याजोगा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अर्वाचीन वैद्यकात या विषयाची सुरुवात १८६९ साली झाली. जॉर्ज बीअर्ड या अमेरिकन डॉक्टराने त्या वर्षी 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, हे नाव प्रचारात आणले. आगगाडी, तारायंत्र आणि वर्तमानपत्रे यांच्या धावपळीने माणसाच्या मज्जातंतूंतील शक्तीचा साठा आटतो, असे त्याचे म्हणणे होते. फिलाडेल्फियाचा सायलस वेअर मिचेल याने त्यावर विश्रांतीचा उपचार रूढ केला. रोग्याला सहा-आठ आठवडे अंथरुणावर ठेवावयाचे, आप्तेष्टांपासून दूर करावयाचे, भरपूर दूध पाजावयाचे आणि मालिश व विजेचे हलके झटके यांनी स्नायू जागे ठेवावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. हा उपचार मुख्यत्वे स्त्रियांवर झाला.

१८८७ साली शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका मिचेलच्या उपचाराखाली होती. बाळंतपणानंतर तिला आलेली खिन्नता हा आपल्या विषयातला रोग नव्हता. परंतु तिचा अनुभव या इतिहासात मोलाचा आहे. घरी परतताना तिला असा सल्ला मिळाला की, शक्य तितके घरगुती आयुष्य जगावे, बुद्धीचे काम दिवसातून दोन तासांवर करू नये आणि लेखणी तर जन्मात हाती धरू नये. तिने तो काही महिने पाळला आणि ती वेडाच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचली. पुढे सल्ला झुगारून ती कामाला लागली तेव्हाच ती सावरली. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या 'द यलो वॉलपेपर' या तिच्या कथेचा उगम या अनुभवात आहे. म्हणजे विश्रांतीसुद्धा रोग्याचे न ऐकता लादली तर घातक ठरू शकते, हा धडा एकोणिसाव्या शतकातच मिळाला होता. विसाव्या शतकाने तोच धडा उलट्या बाजूने गिरवला.

१९३४ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस शहरात पोलिओची साथ चालू असताना तेथील काउंटी जनरल हॉस्पिटलमधील १९८ कर्मचारी आजारी पडले. त्यांत परिचारिका आणि डॉक्टर यांचा मोठा भरणा होता. प्रथम त्यांनाही पोलिओच झाला असे वाटले. परंतु पांगळेपणा आला नाही, मृत्यू झाले नाहीत. राहिली ती स्नायूंची वेदना, अशक्तपणा आणि फार काळ रेंगाळणारी थकावट. १९४८-४९ च्या हिवाळ्यात आइसलँडच्या उत्तरेकडील अकुरेरी या लहानशा गावात असाच प्रकार घडला आणि चारशेहून अधिक माणसे अंथरुणाला खिळली. तेथेही प्रथम संशय पोलिओचाच होता.

त्यानंतर १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलची साथ आली. या रुग्णालयाशी मराठी माणसाचे एक जुने नाते आहे. स्त्रियांना वैद्यकाचे प्रत्यक्ष शिक्षण देण्यासाठी लंडनमध्ये ज्या रुग्णालयाने १८७७ साली प्रथम आपली दारे उघडली ते हेच, आणि त्याच्याशी संलग्न असलेल्या स्त्रियांच्या वैद्यकशाळेत पुढे मुंबईच्या डॉ. रखमाबाई शिकल्या. १३ जुलै १९५५ रोजी येथील एक निवासी डॉक्टर आणि एक परिचारिका प्रमुख आजारी पडल्या. बघता बघता लागण इतकी पसरली की, २५ जुलै ते ५ ऑक्टोबरपर्यंत रुग्णालय बंद ठेवावे लागले. नोव्हेंबर अखेरपर्यंत २९२ कर्मचाऱ्यांना हा विकार झाला आणि त्यांतील २५५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. नवल असे की, तेथे आधीपासून उपचार घेत असलेल्या रोग्यांपैकी केवळ बारा जणांना त्याची बाधा झाली. साथीचा तडाखा बसला तो दिवसरात्र उभ्याने राबणाऱ्यांना.

मे १९५६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने या विकाराला 'बिनाइन मायॅल्जिक एन्सेफलोमायलायटिस' हे नाव सुचविले. त्यातील 'बिनाइन' म्हणजे सौम्य हे विशेषण एवढ्याच अर्थाने खरे होते की, रोगी दगावत नव्हते. ज्यांचे आयुष्य त्या रोगाने गिळले त्यांना त्या सौम्यतेचा प्रत्यय कधी आला नाही, आणि पुढे ते विशेषण गळून पडले. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगसूचीच्या आठव्या आवृत्तीत या विकाराची नोंद मज्जासंस्थेच्या रोगांत केली.

या साथीतल्या रोग्यांना जवळून पाहणारे एक डॉक्टर होते मेल्विन रॅमझी. संसर्गजन्य रोगांचे ते तज्ज्ञ. साथ ओसरल्यावर इतरांचे लक्ष उडाले, रॅमझींचे उडाले नाही. तीस वर्षांहून अधिक काळ ते अशा रोग्यांची गाऱ्हाणी ऐकत राहिले आणि त्यातून त्यांनी दोन गोष्टी नोंदविल्या. पहिली अशी की, या रोगाची खूण नुसता थकवा ही नव्हे. थोड्याशा श्रमानेही स्नायूंची शक्ती सरते आणि ती पुन्हा भरून येण्यास तीन-चार दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, ही त्याची खरी खूण होय. दुसरी अशी की, ज्यांना आरंभीच सक्तीची विश्रांती लाभली ते अधिक बरे झाले. ज्यांनी अंगावर काढून काम रेटले त्यांचे दुखणे मुरले. १९८६ साली त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले. पुढील संशोधनाचे बरेचसे सार या दोन वाक्यांत आलेले आहे. मात्र ते मान्य होण्यास आणखी पस्तीस वर्षे जावी लागली.

ती का जावी लागली, याचे उत्तर १९७० सालात शोधावे लागते. त्या वर्षी मॅकेव्हेडी आणि बीअर्ड या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये असा निष्कर्ष मांडला की, रॉयल फ्रीची साथ म्हणजे सामूहिक उन्माद होता. (हा बीअर्ड पहिल्या बीअर्डहून वेगळा.) रोग्यांत स्त्रिया अधिक, त्यांची तक्रार मोठी आणि शरीरावरच्या खुणा थोड्या, हा त्यांचा मुख्य आधार होता. त्यांनी जुने कागद तपासले होते. रोग्यांना तपासले नव्हते. ज्यांना कारभाराचा अनुभव आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. कागदावर जे उमटले नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची सवय दप्तराला असते, आणि येथे ती वैद्यकाला जडली. निष्कर्ष सोयीचा होता, म्हणून तो टिकला.

१९८४-८५ मध्ये अमेरिकेत लेक टाहोच्या काठी इन्क्लाइन व्हिलेज या गावी पुन्हा अशा रोग्यांचा समूह आढळला. अटलांटा येथील केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने पाहणी केली आणि १९८८ साली 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नवे नाव रूढ झाले. या नावाने रोग्यांचे फार नुकसान केले. थकवा कोणाला येत नाही? ज्याने त्याने आपला शीण त्या तराजूत घालून पाहिला आणि 'आम्हीही थकतोच की' असा निवाडा दिला. वर्तमानपत्रांनी तर त्याला सुखवस्तू तरुणांचे फॅड ठरविले. त्याच संस्थेच्या हिशेबांची तपासणी १९९९ साली झाली, तेव्हा १९९५ ते १९९८ या काळात या रोगाच्या नावे दाखविलेल्या २ कोटी २७ लाख डॉलरांपैकी ८८ लाख डॉलर दुसऱ्याच कामांकडे वळविल्याचे आणि आणखी ४१ लाखांचा पुरेसा हिशेब नसल्याचे उघड झाले. ज्या रोगाच्या अस्तित्वावरच विश्वास नाही त्याच्या पैशावर डल्ला मारताना कोणाचा हात कचरत नाही.

दरम्यान ब्रिटनमध्ये दुसरा एक विचार बळावला होता. रोगी मुळात बरा झालेला असतो. श्रमाची भीती आणि अंथरुणाची सवय यांनी तो दुबळा राहतो. तेव्हा त्याचे विचार बदलावे आणि व्यायाम ठरलेल्या प्रमाणात वाढवीत न्यावा, असा तो विचार. त्याच्या कसोटीसाठी 'पेस' नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यात ६४१ रोगी होते आणि खर्च सुमारे ५० लाख पौंडांचा होता. २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि २०१३ साली असे सांगण्यात आले की, या उपचारांनी शंभरांपैकी बावीस रोगी बरे होतात.

रोग्यांना हे पटले नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्यातील काहींनी मूळ आराखडा आणि प्रसिद्ध निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले. त्यांना आढळले ते असे. शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या मापावर ६५ किंवा त्याहून कमी गुण असतील तोच या प्रयोगात घेण्याइतका आजारी मानला गेला होता. बरे झाल्याची रेषा मूळ आराखड्यात ८५ वर होती. ती पुढे ६० वर आणण्यात आली. म्हणजे एखादा रोगी ६५ गुणांनी आत शिरला आणि ६० वर घसरला, तरी त्या एका निकषापुरता तो बरा ठरत होता! एका ऑस्ट्रेलियन रोग्याने ब्रिटनच्या माहितीच्या कायद्याखाली मूळ आकडे मागितले. विद्यापीठाने नकार दिला. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये आकडे खुले करण्याचा निर्णय झाला. मूळ निकषांनी पुन्हा मोजणी केली तेव्हा बरे होण्याच्या प्रमाणात या उपचारांचा आणि नुसत्या डॉक्टरी देखरेखीचा अर्थपूर्ण असा फरक उरला नाही. त्या संशोधकांनी आपले निष्कर्ष मागे घेतलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. परंतु एका दुबळ्या माणसाने, ज्याला उठून बसणेही कठीण, कायद्याच्या आधारे शास्त्राला आपली वही उघडायला लावली, ही घटना साधी नव्हे.

शास्त्राची गतीही एव्हाना बदलली होती. २००७ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील संशोधकांनी रोग्यांना लागोपाठ दोन दिवस व्यायामाच्या सायकलवर बसवून त्यांच्या श्वासाचे मापन केले. निरोगी पण बैठ्या सवयीची माणसे दुसऱ्या दिवशीही जवळजवळ पहिल्याइतकेच काम करीत. रोग्यांची क्षमता मात्र दुसऱ्या दिवशी खाली येई. आळस किंवा सवय यांनी एका रात्रीत अशी घसरण होत नाही. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आपल्या अहवालात श्रमानंतरची ही घसरणच रोगाचे मध्यवर्ती लक्षण मानले. २०१७ साली अटलांटाच्या संस्थेने वाढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ब्रिटनमधील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरविणाऱ्या 'नाइस' या संस्थेने ठरावीक प्रमाणात श्रम वाढवीत नेण्याचे कार्यक्रम रोग्यांना देऊ नयेत असे स्पष्ट बजावले, आणि मानसोपचार हा या रोगावरचा इलाज नसून रोगासह जगताना लागणारा आधार आहे असे म्हटले. रॅमझींचे १९९० मध्येच निधन झाले होते.

या तत्त्वांनी ज्या मार्गाचा पुरस्कार केला त्याला 'पेसिंग' म्हणतात. मराठी माणसाला तो समजावून सांगण्यास एकच म्हण पुरे: अंथरूण पाहून पाय पसरावेत. रोग्याने प्रथम आपली रोजची शक्ती किती याचा अंदाज घ्यावयाचा. कोणत्या कामानंतर, किती वेळाने आणि किती दिवस आपण खाली जातो, याची नोंद ठेवावयाची. कारण हा तडाखा बहुधा लगेच बसत नाही, एक-दोन दिवसांनी बसतो. मग त्या मर्यादेच्या थोडे आत राहून दिवसाची आखणी करावयाची. कामाचे लहान तुकडे पाडावयाचे, उभ्याने होणारे काम बसून करावयाचे, थकण्याच्या आधी पडून राहावयाचे. वाचन, संभाषण, आवाज आणि चिंता हाही खर्चच असतो, तो हिशेबात धरावयाचा. बरे वाटलेल्या दिवशी साचलेली कामे उरकण्याचा मोह हा सर्वांत मोठा शत्रू, कारण त्या एका दिवसाचे व्याज आठवडाभर फेडावे लागते. प्रकृती स्थिरावली की मर्यादा हळूहळू सरकवून पाहावयाची. न झेपल्यास निमूटपणे मागे यावयाचे. यात पराभव नाही. तुटीच्या अंदाजपत्रकावर घर चालविणाऱ्या गृहिणीला जे शहाणपण लागते तेच येथे लागते.

या शहाणपणाने काय साधते, याचे एक उदाहरण लॉरा हिलनब्रँड या अमेरिकन लेखिकेचे आहे. १९८७ साली, महाविद्यालयात शिकत असताना तिला या रोगाने गाठले. पुढील कित्येक वर्षे ती घराबाहेर क्वचितच पडू शकली. चक्कर येत असल्याने वाचन-लेखनही तिला तुकड्यातुकड्यांनीच करावे लागे, आणि मुलाखती दूरध्वनीवरून घ्याव्या लागत. त्या अवस्थेत तिने २००१ आणि २०१० साली दोन चरित्रात्मक ग्रंथ पुरे केले, आणि दोन्ही लाखो वाचकांनी वाचले. पहिला ग्रंथ एका शर्यतीच्या घोड्याचा, दुसरा एका धावपटूचा!

तथापि पूर्ण बरे होण्याविषयी खोटी आशा दाखविणे हा रोग्याचा आणखी एक अपमान होय. २००५ साली पूर्वीच्या अभ्यासांचे जे संकलन झाले त्यात पूर्णपणे बऱ्या होणाऱ्या प्रौढांचे मध्यम प्रमाण शेकडा पाच, आणि सुधारणा होणाऱ्यांचे सुमारे चाळीस दिसून आले. मुलांचे भवितव्य अधिक उजळ असते. ऑस्ट्रेलियातील एका दीर्घ पाहणीत पाच वर्षांत शेकडा ३८ आणि दहा वर्षांत शेकडा ६८ तरुण रोग्यांनी आपण बरे झाल्याचे सांगितले. औषध अजून सापडलेले नाही. वेदना, झोप आणि उभे राहिल्यावर येणारी घेरी यांवर मात्र उपचार करता येतात, आणि ते करावेत. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या असंख्य लोकांत हीच लक्षणे दिसू लागल्याने संशोधनाला नवी निकड आली आहे. २०२५ साली ब्रिटनमधील एका प्रकल्पाने साडेपंधरा हजारांहून अधिक रोग्यांच्या जनुकांची तपासणी करून या रोगाशी निगडित असे आठ भाग दाखवून दिले.

भारतात या विषयाला आणखी एक पदर आहे. गोव्यात १८ ते ५० वर्षे वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. शेकडा १२ स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. 'रक्त कमी असेल' हे आपले ठरीव उत्तर तेथे लागू पडले नाही. या थकव्याचा संबंध रक्तातील हिमोग्लोबिनशी जुळला नाही. तो जुळला गरिबीशी, उपासमारीशी, मनाच्या क्लेशांशी आणि नवऱ्याकडून होणाऱ्या छळाशी. या साऱ्या स्त्रियांना शीणविकार होता असे मुळीच नाही. थकवा हे शेकडो कारणांचे एक लक्षण आहे. क्षय, मधुमेह, थायरॉइड आणि रक्तक्षय यांची तपासणी प्रथम व्हावयासच हवी. परंतु लंडनची परिचारिका आणि गोव्यातली ती गृहिणी यांच्यात एक साम्य आहे. दोघीही 'अंगात त्राण नाही' असे म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधीच समोरच्या माणसाने उत्तर ठरवून टाकले होते.

मिचेलने सक्तीने निजविले, 'पेस'ने नेमाने चालविले. दोन्ही उपचारांची दिशा परस्परांच्या उलट, पण चूक एकच होती. श्रमाचे माप रोग्याच्या हातून काढून घेण्यात आले. विश्रांती आणि श्रम ही दोन्ही औषधे आहेत आणि दोन्ही विषे आहेत. मात्रा ठरविणे महत्त्वाचे, आणि या रोगात ती मात्रा ज्याच्या अंगावर उमटते त्याच्यावाचून दुसऱ्याला कळत नाही. डॉक्टरांनी त्याच्या वहीतले आकडे वाचावेत, हिशेब नीट मांडण्यास मदत करावी. वही मात्र त्याच्याच हाती असावी. घरात असा कोणी असेल, तर त्याला 'जरा उठून बघ, बरे वाटेल' असे म्हणण्यापूर्वी 'आज किती झेपेल?' असे विचारावे. या प्रश्नाने रोग जात नाही. पण आपले म्हणणे ऐकून घेतले जाते एवढे कळले की रोग्याची एक झुंज तरी संपते, आणि तिच्यात खर्ची पडणारी शक्ती त्याला बरे होण्यासाठी उरते.